लिंकन हरतो तेव्हा

वॉशिंग्टन, मंगळवार, २३ ऑगस्ट १८६४

शहर डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतं. व्हाइट हाउसच्या दक्षिणेला एक कालवा आहे. म्हणायला कालवा, पाहायला गेलं तर उघडं गटार. त्याच्या पलीकडे वॉशिंग्टन स्मारकाचा अर्धवट बुंधा उभा आहे. पैसे संपले म्हणून दहा वर्षांपूर्वी त्याचं काम थांबलं, आणि आता त्याच्या भोवती फौजेच्या मुदपाकखान्यासाठी आणलेली गुरं चरताहेत. कॅपिटॉलचा नवा लोखंडी घुमट मात्र बाहेरून पुरा झालाय. गेल्या डिसेंबरातच त्याच्या माथ्यावर पुतळा चढला. नदीपलीकडे आर्लिंग्टनला, संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेचा, म्हणजे शत्रूचा, सेनापती रॉबर्ट ली याच्या सासुरवाडीच्या इस्टेटीत, मे महिन्यापासून सैनिक पुरले जाताहेत. या सरकारचं बांधकाम आणि दफन, दोन्ही एकाच वेळी चाललंय.

प्रवासाच्या अटी आधीच समजून घ्या. तुम्ही कुणाला दिसणार नाही, तुमचा आवाज कुणाला ऐकू जाणार नाही. सगळं पाहायची मुभा आहे. बदलायची मुभा फक्त एकदाच आणि एकाच ठिकाणी. ते ठिकाण यायला अवकाश आहे. तोवर हात खिशात ठेवा.

व्हाइट हाउसच्या जिन्यावर नोकऱ्या मागणाऱ्यांची रांग आहे. त्यांच्यामधून वाट काढत तुम्ही दुसऱ्या मजल्यावर जाता. लिंकनच्या कार्यालयात लांब टेबल, भिंतीवर युद्धाचे नकाशे, शेकोटीवर अँड्र्यू जॅक्सनची तसबीर. जॅक्सन १८३२ मध्ये दुसऱ्यांदा निवडून आला. त्यानंतर बत्तीस वर्षांत एकाही अध्यक्षाला ते जमलेलं नाही. टेबलाभोवती सात मंत्री बसलेत. लिंकन एक कागद पुढे करतो. घडी घालून तो डिंकाने असा चिकटवलाय की आतलं अक्षर दिसू नये. मागच्या कोऱ्या बाजूवर सह्या करा, एवढंच तो सांगतो. परराष्ट्रमंत्री सिवर्ड सही करतो, युद्धमंत्री स्टँटन करतो, मग बाकीचे. आत काय आहे हे कुणी विचारत नाही.

तुम्हाला मात्र आतलं ठाऊक आहे. लिंकनने लिहिलंय की हे सरकार पुन्हा निवडून येण्याची शक्यता दिसत नाही. तसं झालं तर निवडणूक ते शपथविधी या काळात नव्या अध्यक्षाला साथ देऊन संघराज्य वाचवणं आपलं कर्तव्य ठरेल. कारण तो अशा आश्वासनांवर जिंकलेला असेल की पुढे त्याला ते वाचवता येणारच नाही.

आपल्या पराभवावर सगळ्या मंत्रिमंडळाची आगाऊ सही घेणारा हा माणूस घाबरट नाही. तो गणित करतोय, आणि आजच्या तारखेला त्याचं गणित बरोबर आहे.

हिशेब

कालच न्यूयॉर्कहून पत्र निघालंय. 'न्यूयॉर्क टाइम्स'चा संपादक हेन्री रेमंड हा लिंकनच्या पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा प्रमुख आहे. सगळीकडून एकच सूर येतोय, वारं आपल्या विरुद्ध आहे, असं त्याने कळवलंय. पेनसिल्वेनिया गेल्यात जमा, इलिनॉय गेल्यात जमा. इलिनॉय म्हणजे लिंकनचं स्वतःचं राज्य.

कारणं शोधायला तुम्हाला दूर जावं लागत नाही. रस्त्यावरून रुग्णवाहिकांच्या घोडागाड्या जाताहेत. मेच्या सुरुवातीपासून सहा-सात आठवड्यांत, व्हर्जिनियात उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या फौजेतली सुमारे ५५ हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. एवढं करून तो पीटर्सबर्गसमोर खंदकात अडकलाय. जुलैच्या अखेरीला त्याच्या माणसांनी शत्रूच्या तटाखाली भुयार खणून सुरुंग उडवला आणि झालेल्या खड्ड्यात स्वतःच शिरून मार खाल्ला. त्याच महिन्यात शत्रूची एक तुकडी थेट वॉशिंग्टनच्या वेशीवर आली होती. फोर्ट स्टीव्हन्सच्या तटावर उभं राहून लढाई पाहणाऱ्या लिंकनच्या जवळून गोळ्या गेल्या. १८ जुलैला त्याने आणखी ५ लाख माणसं मागितली. सोन्याच्या एका डॉलरसाठी कागदी पावणेतीन डॉलरहून जास्त मोजावे लागत होते. निवडणुकीच्या वर्षी कुठलाही राजकारणी यातली एकसुद्धा गोष्ट आपणहून ओढवून घेणार नाही.

शिवाय त्याच्या आपल्याच माणसांनी घर फोडलंय. त्याच्या पक्षातल्या जहालांना तो फार मवाळ वाटतो. त्यांच्यातल्या काहींनी जनरल फ्रेमाँटला वेगळा उमेदवार म्हणून उभं केलंय. मवाळांना उलट तो गुलामांच्या मुक्तीपायी युद्ध लांबवणारा वाटतो. ती अट सोडा, दक्षिण परत येईल, असा सल्ला त्याला रोज मिळतोय.

चार दिवस मागे जा, १९ ऑगस्टला. याच खोलीत फ्रेडरिक डग्लस बसलाय. जन्माने गुलाम, स्वतः पळून सुटलेला, आज देशातला सर्वांत मोठा कृष्णवर्णीय वक्ता. लिंकन त्याला विचारतो, की माझी मुदत संपायच्या आत दक्षिणेतल्या जास्तीत जास्त गुलामांना आपल्या फौजांच्या हद्दीत कसं आणता येईल? त्याची योजना करशील का? या प्रश्नामागची भीती डग्लसला लगेच उमगते. लिंकन हरला, तर १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा लाभ त्या दिवसापर्यंत प्रत्यक्ष सुटलेल्यांनाच. बाकीच्यांसाठी तो एक कागद.

त्याच दिवशी दुसऱ्या पाहुण्यांना लिंकन सांगतो, की आपल्या बाजूने लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना पुन्हा गुलामीत लोटा असं मला सुचवणारे लोक आहेत. तसं केलं तर मी या जगात आणि पुढच्याही जगात धिक्काराला पात्र होईन. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडेल.

शिकागो, ऑगस्टचा शेवटचा आठवडा

मिशिगन सरोवराच्या काठी लाकडी मांडवात डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलंय. बँड, झेंडे, तंबाखूचा धूर, आणि जिंकणारच अशा खात्रीने भरलेले आवाज. पक्षात दोन तट आहेत: एकाला युद्ध जिंकून संघराज्य जोडायचंय, दुसऱ्याला युद्धच नको. तडजोड अशी होते की उमेदवार पहिल्या तटाचा आणि जाहीरनामा दुसऱ्याचा. उमेदवार जनरल जॉर्ज मॅकक्लेलन, वय सदतीस. जाहीरनाम्यात ओहायोच्या क्लेमंट व्हॅलँडिगमने कलम घालून घेतलंय, की चार वर्षांचा युद्धाचा प्रयोग फसला, आता ताबडतोब लढाई थांबवण्याचे प्रयत्न व्हावेत. उपाध्यक्षपदासाठीही ओहायोचाच जॉर्ज पेंडल्टन, तोही शांततावादी.

मॅकक्लेलनला तुम्ही खलनायक समजू नका. फौज उभी करावी ती त्यानेच. १८६१ च्या पराभवानंतर विस्कळीत जमावातून त्याने शिस्तबद्ध सैन्य घडवलं, आणि सैनिक त्याच्यावर जीव टाकत. त्याचा दोष एकच, की घडवलेलं सैन्य वापरायला त्याचा हात धजत नसे. समोरचा शत्रू त्याला नेहमी दुप्पट दिसे. १८६२ च्या नोव्हेंबरात लिंकनने त्याला काढलं. आता तो त्याच लिंकनसमोर उभा आहे. आठ दिवसांनी उमेदवारी स्वीकारताना तो आपल्याच पक्षाच्या कलमाला बगल देतो: संघराज्य जोडल्याशिवाय शांतता नाही, नाहीतर माझ्या जखमी सोबत्यांना मी तोंड कसं दाखवू? त्या पत्रात गुलामगिरी संपवण्याची अट मात्र नाही.

खरं काय झालं

शिकागोत ३१ ऑगस्टला मॅकक्लेलनची उमेदवारी जाहीर होत होती, तेव्हा हजारभर किलोमीटर दूर, जॉर्जिया राज्यात, उत्तरेच्या जनरल शर्मनची फौज अटलांटाकडे जाणारा शेवटचा रेल्वेमार्ग तोडत होती. २ सप्टेंबरला अटलांटा पडलं. तारेने बातमी उत्तरेत पोहोचली, शहराशहरांत तोफांच्या सलाम्या झडल्या, आणि युद्धाचा प्रयोग फसला असं म्हणणारा जाहीरनामा छापल्या छापल्या शिळा झाला. मग उत्तरेच्याच जनरल शेरिडनने शेनँडोआ खोऱ्यात विजय मिळवले. फ्रेमाँटने माघार घेतली.

८ नोव्हेंबरच्या सकाळी तुम्ही न्यूयॉर्कच्या एका मतदान केंद्राबाहेर उभे राहा. गुप्त मतदान नावाची गोष्ट इथे अजून आलेली नाही. मतपत्रिका सरकार छापत नाही, पक्ष छापतात. केंद्राबाहेर दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते आपापल्या पक्षाचा कागद मतदाराच्या हातात कोंबताहेत, आणि तो कुणाचा कागद पेटीत टाकतो हे सगळी गल्ली पाहते आहे. रांगेत बाई एकही नाही. कृष्णवर्णीय पुरुषाला या राज्यात मत आहे, पण त्याच्याकडे अडीचशे डॉलरची मालमत्ता असेल तरच; गोऱ्याला ती अट नाही. मागच्या वर्षी याच शहरात सक्तीच्या भरतीवरून रक्तरंजित दंगल झाली होती, म्हणून जनरल बटलर फौज घेऊन आलाय.

दुपारनंतर पीटर्सबर्गच्या खंदकांकडे वळा. इथेही मतदान चाललंय. एकोणीस राज्यांनी आपल्या सैनिकांना रणांगणावरून मत देण्याची सोय केली आहे. दोन वर्षांपूर्वी हे सैनिक मॅकक्लेलनला पाहिलं की टोप्या उडवायचे. आज त्यांच्यातले दहापैकी जवळजवळ आठ जण लिंकनला मत देतात. आपल्या लाडक्या सेनापतीला ते सांगताहेत, की सोबत्यांना पुरलं ते अर्ध्यावर सोडण्यासाठी नाही.

रात्री वॉशिंग्टनला पाऊस आहे. युद्धखात्याच्या तारघरात लिंकन निकालांच्या तारा वाचत बसलाय. तारखात्याचा मेजर एकर्ट चिखलात घसरून भिजून येतो, आणि लिंकनला सहा वर्षांपूर्वीची अशीच पावसाळी रात्र आठवते. सिनेटच्या निवडणुकीत तो हरत आला होता, घरी जाताना पायवाटेवर पाय घसरला, तोल सावरला आणि तो स्वतःशी म्हणाला की घसरलो, पडलो नाही. मध्यरात्री तळलेल्या कालवांचं जेवण येतं. देशाचा अध्यक्ष स्वतः सगळ्यांना वाढतो.

निकाल २१२ विरुद्ध २१. अध्यक्षीय मतदारांच्या या मतांत मॅकक्लेलनला न्यू जर्सी, डेलावेअर आणि केंटकी, एवढीच राज्यं मिळाली. पण आकड्यांनी फसू नका. लोकांची मतं मोजली तर साधारण २२ लाख विरुद्ध १८ लाख. ३३ अध्यक्षीय मतांचं न्यूयॉर्क लिंकनने सात लाखांवर मतदानात सात हजारांहून कमी फरकाने जिंकलं. न्यूयॉर्क, पेनसिल्वेनिया, इलिनॉय, इंडियाना, कनेक्टिकट आणि न्यू हँपशर या सहा राज्यांत शंभरातले फक्त पाच मतदार इकडून तिकडे गेले असते, तर मॅकक्लेलनची बेरीज १२० झाली असती. बहुमताला ११८ पुरत होती.

शंभरातले पाच. आता खिशातून हात काढा.

रिचमंड, रविवार, १७ जुलै १८६४

कुठे ढकलायचं? मारेकरी नको, कट नको. असल्या गोष्टींनी इतिहास बदलला तर त्यातून काही शिकायला मिळत नाही. ढकलायचं अशा जागी, जिथे खऱ्या माणसांनी खरोखर दोन्ही बाजूंनी विचार केला होता.

दक्षिणेची राजधानी रिचमंड. अध्यक्ष जेफरसन डेव्हिस वैतागलाय. त्याचा सेनापती जोसेफ जॉन्स्टन मे महिन्यापासून शर्मनसमोर एकेक ठाणं सोडत मागे हटतोय आणि आता अटलांटाच्या दारात येऊन ठेपलाय. पुढचा बेत काय, असं डेव्हिसने विचारलं तर उत्तर आलं, की ते शत्रूच्या हालचालींवर अवलंबून आहे. डेव्हिस त्याला काढतो. जागी आणतो जॉन बेल हूडला. गेटिसबर्गला त्याचा एक हात निकामी झाला, चिकमॉगाला एक पाय गेला. शूर आणि उतावळा. खऱ्या इतिहासात हूडने सूत्रं हाती घेतल्यावर ११ दिवसांत खंदकांबाहेर पडून तीनदा हल्ला केला, हजारो माणसं गमावली, आणि सहा आठवड्यांत शहर गेलं.

बदलीच्या हुकमाची तार टेबलावर आहे. ती तुम्ही उचलता.

इथे तुमच्या मनात शंका यायलाच हवी. जॉन्स्टनने अटलांटाही सोडलं नसतं कशावरून? मागे हटण्यातच त्याची कीर्ती होती. शंका रास्त आहे, पण दोन साक्षीदार ऐका, दोघेही शत्रुपक्षाचे. शर्मनने पुढे आठवणींत लिहिलं, की जॉन्स्टनला काढून दक्षिणेच्या सरकारने आमच्यावर उपकारच केले. ग्रँटने तर जॉन्स्टनचे डावपेच बरोबर होते असं म्हटलं. युद्ध आणखी वर्षभर लांबलं असतं तर उत्तर इतकी थकली असती की तिने नाद सोडून फुटून निघण्याला मान्यता दिली असती, असं त्याचं मत. जॉन्स्टनला शर्मनला हरवण्याची गरजच नव्हती. दोन महिने अटलांटाच्या खंदकांत टिकून राहणं पुरेसं होतं. निवडणुकीच्या वर्षात दक्षिणेचं सर्वांत मोठं शस्त्र तोफ नव्हती, कॅलेंडर होतं.

इथून पुढे तुम्ही पाहाल तो इतिहास नाही. तो अंदाज आहे.

दुसरा नोव्हेंबर

सप्टेंबर कोरडा जातो. तारघरात बसलेल्या लिंकनच्या हाती अटलांटाची तार येत नाही. फ्रेमाँट माघार घेत नाही. शिकागोचा जाहीरनामा शिळा होत नाही. उलट प्रत्येक आठवड्याच्या मृतांच्या यादीबरोबर तो ताजा होतो. ऑक्टोबरात पेनसिल्वेनिया आणि इंडियानाच्या राज्य निवडणुका होतात आणि कल कळून चुकतो. खऱ्या इतिहासात मेरीलँडने या महिन्यात गुलामगिरी बंद करणारी राज्यघटना स्वीकारली होती, फक्त ३७५ मतांनी, तीही सैनिकांची मतं आल्यावर. या ऑक्टोबरात ती ३७५ मतं मिळत नाहीत.

८ नोव्हेंबरच्या रात्री पाऊस तोच आहे. एकर्ट तसाच घसरतो. न्यूयॉर्क जातं, पेनसिल्वेनिया जातं, पहाटेपर्यंत इंडियाना आणि इलिनॉय. तीन दिवसांनी मंत्रिमंडळासमोर लिंकन तो चिकटवलेला कागद फोडतो. खऱ्या इतिहासातही त्याने तो ११ नोव्हेंबरलाच फोडला, पण जिंकल्यानंतर, जुना किस्सा सांगावा तसा. ऑगस्टात आपण काय ठरवलं होतं तेही त्याने तेव्हा सांगितलं: मॅकक्लेलन निवडून आला असता तर त्याला बोलावून म्हणालो असतो, की लोकांचा विश्वास तुझ्यावर आहे आणि सरकारची सत्ता माझ्याकडे, चल, मिळून शेवटचा जोर लावू. त्यावर सिवर्ड म्हणाला होता, की जनरलसाहेब "हो, हो" म्हणाले असते आणि काहीच केलं नसतं.

आता त्या बोलण्याची परीक्षा आहे. लिंकनजवळ चार महिने आहेत, कारण त्या काळी नवा अध्यक्ष ४ मार्चला शपथ घेई. पण ते चार महिने हिवाळ्याचे आहेत. व्हर्जिनियाचे रस्ते चिखलात बुडालेत, ग्रँट खंदकात आहे, शर्मन अटलांटाबाहेर. शिवाय जो सैनिक मार्चनंतर तह होणार हे जाणतो, तो फेब्रुवारीत कशाला मरेल? समोर उलट चित्र दिसतं. खऱ्या हिवाळ्यात दक्षिणेचे सैनिक हजारोंनी पळून घरी गेले. या हिवाळ्यात ते टिकून राहतात, कारण पहिल्यांदाच त्यांना शेवट दिसतोय.

३१ जानेवारी १८६५

अंदाजाच्या या प्रवासातलं सर्वांत महत्त्वाचं दालन कॅपिटॉलमध्ये आहे. प्रतिनिधिगृहाच्या सज्जात जाऊन बसा. समोर तेरावी घटनादुरुस्ती आहे: अमेरिकेत गुलामगिरी नसेल. सिनेटने ती एप्रिल १८६४ मध्ये मंजूर केली. प्रतिनिधिगृहात जूनमध्ये ती पडली. दोन-तृतीयांश बहुमत जमलं नाही. आज त्याच सभागृहात, त्याच सदस्यांसमोर ती पुन्हा आली आहे, कारण नोव्हेंबरात निवडून आलेलं सभागृह अजून बसलेलं नाही.

खऱ्या इतिहासात आज ११९ विरुद्ध ५६ मतांनी ती मंजूर झाली. दोन-तृतीयांशाला ११७ लागत होती. जूनमध्ये विरोध करणाऱ्या काही डेमोक्रॅटांनी या खेपेला बाजू बदलली, काही गैरहजर राहिले. का? लोकांनी नोव्हेंबरात कौल दिला होता म्हणून, आणि लिंकन प्रशासनाच्या हाती द्यायला अजून चार वर्षांच्या नेमणुका होत्या म्हणूनही. जिंकलेला लिंकन दोन मतं जास्त मिळवू शकला. हरलेल्या लिंकनजवळ द्यायला काय आहे? ज्यांचा पक्ष महिन्याभरात सत्तेवर येणार ते डेमोक्रॅट आज फुटणार नाहीत. तुमच्या सज्जातून दिसतं ते असं: मतं मोजली जातात, दुरुस्ती पडते, लोक घरी जातात.

४ मार्च १८६५ आणि पुढे

कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर मॅकक्लेलन शपथ घेतो. वय अडतीस, आजवरच्या इतिहासातला सर्वांत तरुण अध्यक्ष. लिंकन जवळ बसलाय. दुसऱ्या शपथविधीचं ते थोडक्यातलं, थोर भाषण या जगात लिहिलंच गेलेलं नाही. लिंकनचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार अँड्र्यू जॉन्सन टेनेसीतच राहिला, आणि पुढे युद्धोत्तर वर्षांत त्याने केलेलं नुकसान टळलं. लिंकन स्प्रिंगफिल्डला जाऊन वकिली करेल. भागीदार हर्न्डनला तो सांगून आला होता की पाटी काढू नकोस. फोर्ड नाट्यगृहात लिंकनचा जीव घेणारी ती गोळी झाडायला या जगात बहुधा कारण उरलं नाही. तुमच्या एका तारेने एक माणूस वाचवला. आता बाकीचा हिशेब पाहा.

मॅकक्लेलन संघराज्य मोडू देणार नाही, असं मला वाटतं. त्याच्या पत्रात ते स्वच्छ होतं. पण डेव्हिसही ऐकणारा नाही. जुलैत उत्तरेचे दोन मध्यस्थ त्याला भेटले तेव्हा त्याने सांगितलं होतं, की आम्ही गुलामगिरीसाठी लढत नाही, स्वातंत्र्यासाठी लढतोय, आणि ते घेऊ किंवा नष्ट होऊ. म्हणजे तात्पुरता युद्धविराम, बोलणी, मग खोळंबा. थांबलेलं सैन्य पुन्हा चालवणं फार कठीण असतं. तरी दक्षिण भुकेली आहे, तिचा पैसा रद्दी झालाय. एखाद-दोन वर्षांत काही राज्यं परतली असती, आणि संघराज्य कसंबसं का होईना शिवलं गेलं असतं.

पण कोणत्या दोऱ्याने? परत येणाऱ्या प्रत्येक राज्याची अट एकच असती, आणि ती मान्य करायला मॅकक्लेलनच्या तत्त्वांत काही आड येत नव्हतं. १८६० च्या शिरगणतीत गुलाम सुमारे ४० लाख होते. त्यांतले काही लाख फौजांच्या हद्दीत आलेले. ते बहुतेक सुटले असते. बाकीचे राहिले असते. डग्लसची योजना ज्यांच्यासाठी होती तेच हे लोक. आणि निळा गणवेश घातलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं काय? खऱ्या युद्धात ती संख्या एकूण १ लाख ८० हजारांच्या घरात गेली. तहाच्या मेजावर दक्षिण त्यांची मागणी करणारच. लिंकनने ज्यासाठी धिक्कार मागून घेतला असता, तो निर्णय आता दुसऱ्या कुणाच्या सहीसाठी वाट पाहतोय.

मुंबई

परतीच्या वाटेवर मुंबईला उतरा. या गोष्टीचं एक टोक इथेच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेची बंदरं लिंकनच्या आरमाराने कोंडली, लँकेशरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवर गाठींचे डोंगर आहेत. गाद्या उसवून कापूस विकल्याच्या गोष्टी लोक सांगतात. शेअरदलाल प्रेमचंद रायचंदच्या एका शब्दावर बँका कर्ज देतात, आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांवर अख्खं शहर सट्टा खेळतंय. अटलांटिकपार तारेची केबल अजून चालू नाही. अमेरिकेची खबर बोटीने इंग्लंडला आणि तिथून पुढे सुएझमार्गे येते. युद्ध संपणार अशी नुसती अफवा आली की लिव्हरपूलच्या बाजारातला कापसाचा भाव ढासळतो.

खऱ्या इतिहासात एप्रिल १८६५ मध्ये ली शरण आला, आणि त्या बातमीने मुंबईचा फुगा फुटला. १ जुलैच्या वायद्याच्या हिशेबाला पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. तुमच्या जगात मॅकक्लेलनच्या विजयाची बातमी डिसेंबरात बंदरावर उतरते. कुलाब्याचे दलाल वॉशिंग्टनच्या मंत्र्यांइतकेच अचूक ओळखतात, की हा शांततेचा उमेदवार आहे. बंदरं उघडणार, आणि गुलामांच्या हातांनी वेचलेला स्वस्त कापूस पुन्हा बाहेर येणार. फुगा काही महिने आधी फुटतो. हिंगणघाटच्या शेतकऱ्याचं नशीब इंडियानाच्या मतदाराने ठरवलं, हे त्याला कधी कळणार नाही.

आता पुण्याला जाऊन थोडे पुढे सरका, १८७३ पर्यंत. जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' छापून आलंय. खऱ्या प्रतीचं पहिलं पान उघडा: अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निरपेक्षपणे, त्याग करून गुलामांना दास्यातून सोडवलं त्यांना हे पुस्तक अर्पण केलेलं आहे, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा त्यात आहे. तुमच्या जगात जोतीराव आहेत, पुस्तकाची गरज तर आहेच. अर्पण करायला मात्र ते लोक नाहीत.

घरी

तार जागच्या जागी ठेवा आणि परत या.

या प्रवासातून मी काढलेला निष्कर्ष सांगतो. १८६४ ची निवडणूक अमेरिका एक राहणार की दोन होणार याची होती, असं पुस्तकं सांगतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. मॅकक्लेलनच्या हाताखाली अमेरिका कदाचित एकच राहिली असती. न सुटणारे असते ते चाळीस लाखांतले बहुतेक लोक. त्यांच्यातल्या एकालाही त्या दिवशी दक्षिणेत मत नव्हतं, आणि त्यांचा निकाल शंभरातल्या पाच परक्या माणसांच्या मनावर आणि एका हट्टी अध्यक्षाने चुकीचा सेनापती नेमण्यावर लटकून होता.

मग एवढा धोका दिसत असताना लिंकनने निवडणूक पुढे का ढकलली नाही? यादवी युद्ध चालू होतं. निमित्त हवं तेवढं होतं. विजयानंतर दोन दिवसांनी व्हाइट हाउसच्या खिडकीतून बोलताना त्याने याचं उत्तर दिलं: निवडणुकांशिवाय स्वतंत्र सरकार असूच शकत नाही, आणि बंडामुळे आपण निवडणूक टाळली असती तर बंडखोरांनी आपल्याला आधीच जिंकलं असं त्यांना खुशाल म्हणता आलं असतं. हे जिंकलेल्या माणसाचं बोलणं झालं. पण २३ ऑगस्टला, हरणार याची खात्री असतानाही, तारीख बदलण्याचा विचार त्याने त्या कागदावर लिहिला नाही. हरल्यावर कसं वागायचं तेवढंच लिहिलं. पुढे कधी युद्धाचं किंवा संकटाचं कारण सांगून कुणी निवडणूक लांबवायला निघालं, तर त्याला विचारा, की तुझा चिकटवलेला कागद कुठे आहे?